हिवाळ्यातलं स्पीती, आणि वर्षभर सोबत आलेलं पाणी

माणगंगाकाठ | १८ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी. हिमाचलातल्या स्पीतीहून परत येऊन आठ दिवस झाले. ओठ अजून फुटलेलेच आहेत. अंगातली थंडी गेली, पण ते गाव मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या मार्चमध्ये मी निवृत्त झाले. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. हे आधीच मोकळे झाले होते. दोघांनी ठरवलं, एक वर्ष फिरायचं. कुठे जायचं याची यादी केली नव्हती, जसं सुचेल तसं निघत गेलो. रोज रात्री झोपण्याआधी वहीत चार ओळी लिहायच्या एवढा मात्र नेम ठेवला. परवा ती वही पहिल्या पानापासून वाचली आणि लक्षात आलं, प्रत्येक ठिकाणच्या पानावर पाण्याचंच काहीतरी लिहिलंय. माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. कुठल्याही गावात पाय ठेवला की आधी विहीर कुठे आहे ते बघायचं, ही सवय तिथलीच.

सुरुवात चैत्रात शिखर शिंगणापूरला झाली. लहानपणापासून यात्रा बघत आले, पण मुंगी घाटात उभं राहून कावडी चढताना पहिल्यांदाच पाहिल्या. सासवडहून भुतोजी तेल्यांची मानाची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन येते आणि त्या पाण्याने शंभू महादेवाला अभिषेक होतो. उभा कडा, पायाखाली सुटे दगड, भर उन्हात शे-दोनशे माणसं एकमेकांना हात देत ती कावड वर ओढतात आणि 'म्हाद्या, धाव' म्हणून देवाला हाक मारतात. कावड तोल जाऊन एका बाजूला कलली तेव्हा आमच्या शेजारच्या म्हातारबाबांनी डोळे मिटून घेतले. ती सावरल्यावर म्हणाले, "एक थेंब सांडला न्हाई." मालोजीराजांना त्या डोंगरावर यात्रेकरूंसाठी तलाव बांधावा लागला, इतकं तिथे पाणी दुर्मिळ. अशा ठिकाणी देवाला काय न्यावं, तर पाणी. डोळे भरून आले माझे.

जुलैत आंबोलीला चार दिवस होतो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारं गाव. चार दिवसांत कपडे वाळले नाहीत. तिथून थेट माहेरी गेले तर ऑगस्ट कोरडा ठक्क. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. बाजरी करपली होती, आई रोज संध्याकाळी ओट्यावर बसून महाबळेश्वराच्या दिशेने बघायची. महाबळेश्वर आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही. ढग तिथे रिते होतात आणि आमच्या वाट्याला नुसता वारा येतो. पर्जन्यछाया हा शब्द मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिला. आई तो रोज ओट्यावर बसून बघते.

दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरच्या काळची नहर पाहिली. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता स्पीती. २० जानेवारीला पुण्याहून निघालो. सिमल्याला पोचलो तर बर्फाचा मागमूस नाही. रिजवर पर्यटक हिरमुसले होते, आम्हीसुद्धा. रामपूरच्या पुढे आमचे ड्रायव्हरदादा सफरचंदाच्या बागांकडे हात करून म्हणाले, "तुमचे फोटो राहिले, आमचं वर्ष जाईल." सफरचंदाच्या झाडाला थंडीचे ठरावीक तास मिळावे लागतात, जमिनीत बर्फाची ओल मुरावी लागते, नाहीतर फुलोराच नीट धरत नाही. ते ऐकून माझी मान आपोआप खाली गेली. आईने आभाळाकडे बघावं तसे ते डोंगराकडे बघत गाडी चालवत होते.

कल्प्याला किन्नर कैलास समोर उभा, पण खालचे डोंगर उघडेबोडके. खाबला सतलज आणि स्पीती यांचा संगम लागतो आणि तिथून पुढे झाड दिसत नाही. दगड, माती, वारा. हे म्हणाले, "अगं, हे तर तुझं माहेर!" खरंच होतं ते. हिमालयाच्या रांगा मोसमी ढग अडवतात आणि स्पीती त्यांच्या सावलीत राहतं. जसा सह्याद्रीच्या सावलीत माण. त्यांना जे काही पाणी मिळतं ते हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर बर्फ होऊन येतं. तो बर्फ उन्हाळ्यात वितळतो, कुहल म्हणजे पाटांमधून शेतात उतरतो आणि त्यावर मटार आणि जव पिकतं. तो नाही पडला तर जूनमध्ये पाट कोरडे. जानेवारी संपत आला होता आणि तो पडला नव्हता.

३० तारखेला किब्बरला एका घरात उतरलो. गाव सुमारे ४,२०० मीटरवर. जाड मातीच्या भिंती, छपराच्या कडेने रचलेली लाकडं आणि वाळलेला चारा, खाली गुरं आणि वर माणसं. घरातली सगळी मंडळी दिवसभर एकाच खोलीत, मधोमध पत्र्याची शेगडी, तिला ते तंदूर म्हणतात. पाण्याचा ड्रम तंदूरच्या शेजारी ठेवलेला, गोठू नये म्हणून. नळ नोव्हेंबरातच गोठलेले. झऱ्यावरून डबे भरून आणायचे, चढाची वाट. घरच्या आमा साठीच्या असतील. पाण्याचा डबा पाठीवर घेऊन त्या आल्या तेव्हा मी उठून डबा उतरवायला हात लावला. डोक्यावर हंडा असता तर माझी आईच.

त्या रात्री वारा पडला. पहाटे जाग आली ती शांततेने. ३१ जानेवारी. आमांनी दार उघडलं, उंबऱ्यापाशी गुडघ्याच्या खालपर्यंत पांढरं. त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग मागे वळून हिंदीत एवढंच म्हणाल्या, "आ गया." घरातला मोठा माणूस घरी आल्यावर म्हणतात तसं.

मग सगळे लाकडी फावडी घेऊन छपरावर. मातीच्या छपरावर बर्फ साचून राहिला तर वितळताना गळतं, म्हणून लगेच खाली ढकलायचा. मीही एक फावडं घेतलं, दहा मिनिटांत धाप लागली. खाली उतरून मास्तरीण जागी झाली: पातेलं काठोकाठ बर्फाने भरलं, न दाबता, आणि तंदूरवर ठेवलं. वितळल्यावर तळाला बोटाच्या एका पेराएवढं पाणी उरलं. आमा बघत होत्या. म्हणाल्या, "पर्यटक म्हणतात बर्फ बघायला आलो. हा बर्फ बघायचा तर जूनमध्ये या, शेतात."

रस्ता बंद झाला. ६ फेब्रुवारीपर्यंत तिथेच होतो. आईला फोन लागला तेव्हा तिला सांगितलं, इथे पाणी वरून पांढरं होऊन पडतं आणि चार महिने डोंगरावर तसंच राहतं. ती जरा थांबून म्हणाली, "म्हंजी आभाळानंच तळं बांधून दिलं की त्यास्नी." मला आजवर कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

भटक्या_नाशिककर | १८ फेब्रुवारी २०२४

ताई, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आईंचं वाक्य काळजात गेलं.

एक विचारायचं होतं. माझी आई ६७ वर्षांची आहे आणि तिला बर्फ बघायची फार इच्छा आहे. पुढच्या हिवाळ्यात तिला स्पीतीला न्यावं का? मनालीकडून बोगद्यातून जवळ पडेल ना?

माणगंगाकाठ | १९ फेब्रुवारी २०२४

दादा, हिवाळ्यात मनालीकडून काजाला, म्हणजे स्पीतीच्या मुख्य गावाला, जाता येत नाही. अटल बोगदा लाहौलमध्ये उतरवतो, पण स्पीतीच्या वाटेवर कुंझुम खिंड आहे आणि ती हिवाळाभर बंद असते. सिमला, किन्नौर, नाको, ताबो, काजा हाच मार्ग, आणि वयस्कर माणसांसाठी तोच बरा, कारण उंची हळूहळू वाढते. आम्ही कल्प्याला दोन रात्री, नाकोला एक, ताबोला दोन असं थांबत गेलो. एवढं करूनही काजाला ह्यांचं डोकं असं धरलं की रात्रभर झोप नाही. किब्बर दुसऱ्याच दिवशी ठरलं होतं, ते पुढे ढकललं. डोकं उतरल्याशिवाय वर चढायचं नाही, हा नियम मोडू नका.

आईंना आधी डॉक्टरांकडे न्या. रक्तदाब, श्वासाचा काही त्रास असेल तर स्पष्ट विचारा. आणि खरं सांगते, त्यांना बर्फच बघायचा असेल तर कल्पा पुरेसं आहे. जेमतेम तीन हजार मीटर, दवाखाना रिकाँग पिओला जवळच आहे, आणि सकाळी खिडकीतून किन्नर कैलासावर ऊन येताना दिसतं. माझी आई येऊ शकली असती तर मी तिला तिथवरच नेलं असतं.

घाटवाट | १९ फेब्रुवारी २०२४

सुंदर लिहिलंय, पण एक गोष्ट खटकते आणि ती मनापासून मांडतो. ज्या गावात झऱ्यावरून डबे वाहून पाणी आणतात, जिथे लाकूड उन्हाळ्यात जमवून हिवाळाभर पुरवायचं असतं, तिथे आपण ऐन हिवाळ्यात जाऊन राहायचं का? आपल्यासाठी पेटलेली शेगडी, आपल्यासाठी तापवलेलं पाणी हे त्यांच्या साठ्यातूनच जातं. मी पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरतोय. मे महिन्यात टँकरवर असलेल्या गडाखालच्या वाड्यांत पन्नास जणांचे गट अंघोळीला पाणी मागताना पाहिलेत. तेव्हापासून उन्हाळ्यात अशा गावांत मुक्काम करायचं सोडलं.

माणगंगाकाठ | २० फेब्रुवारी २०२४

तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आभार. हा प्रश्न मला तिथे रोज पडत होता.

आम्ही अकरा दिवस अंघोळ केली नाही. ओल्या फडक्याने अंग पुसायचं. भांडी राखेने घासून थोड्या पाण्यात विसळायची. शौचालय कोरडं असतं: खाली खोली, वर फळीला भोक, वरून माती आणि राख टाकायची, आणि वसंतात ते खत शेतात जातं. पाण्याचा थेंब लागत नाही. पहिल्या दिवशी अवघड वाटलं, दुसऱ्या दिवसापासून मला त्या पद्धतीबद्दल आदरच वाटायला लागला.

तरी लाकूड जळलंच, ते नाकारत नाही. निघताना आमांना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, हिवाळ्यात कमाईचं दुसरं साधन नाही, आणि एका खोलीत तंदूर पेटलेलाच असतो, त्याच्याभोवती दोन माणसं वाढली तर काय. पण प्रत्येक खोलीत वेगळी शेगडी मागणारे आणि गरम पाण्याच्या बादल्या मागणारे येतात तेव्हा जड जातं, हेही त्या म्हणाल्या. सगळ्यांबरोबर एका खोलीत बसायची, तेच खायची तयारी असेल तरच जावं असं माझं मत झालंय. आणि मे महिन्यातल्या वाड्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या देतात. तो तांब्या किती लांबून आलाय ते त्याला सांगत नाहीत.

चित्रवेडा | २१ फेब्रुवारी २०२४

ताबोला दोन रात्री राहिलात आणि मठाबद्दल एक ओळ नाही! माझ्यासाठी थोडं लिहा ना. ९९६ सालचा मठ, त्याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. मी अजिंठ्याला तीनदा जाऊन आलोय, ताबो राहिलंय.

माणगंगाकाठ | २२ फेब्रुवारी २०२४

राहूनच गेलं खरं, आणि माझ्या वहीत त्याची चार पानं आहेत.

बाहेरून बघाल तर मातीचे ढिगारे वाटतात. चुना नाही, कळस नाही. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही. मग भिंतीतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती दिसायला लागतात, चारी बाजूंना, आणि त्यांच्या खालून चित्रं. निळा रंग अजून ताजा. फोटो काढू देत नाहीत ते फार बरं आहे. आम्ही होतो तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. एक तरुण भिक्षू विजेरी धरून उभे होते, हात गारठले होते त्यांचे, पण ह्यांनी एका कोपऱ्यातल्या चित्राबद्दल विचारलं तर पुन्हा तिकडे घेऊन गेले.

अजिंठा कातळात आहे, हे नुसतं मातीत. हजार वर्षं माती टिकली ती तिथे पाऊस नाही म्हणून. १९७५ च्या जानेवारीत किन्नौरचा मोठा भूकंप झाला त्यात मठाचं नुकसान झालं, तरी मूळ मंदिर उभं राहिलं. भिक्षू म्हणाले, बर्फ छपरावरून ढकलता येतो, पाऊस ढकलता येत नाही. आता तिथे अवेळी पाऊस येतो याची त्यांना भूकंपापेक्षा जास्त काळजी वाटते. पाऊस पडावा म्हणून देवाला कावड नेणाऱ्या गावची मी. पाऊस नको म्हणणारं देऊळ मी पहिल्यांदा पाहिलं.

पिंपळवाट | २२ फेब्रुवारी २०२४

किब्बरला राहिलात म्हणजे हिमबिबट्या दिसला का? गेल्याच महिन्यात देशातल्या पहिल्या गणनेचा अहवाल आला, ७१८ आहेत, त्यातले ५१ हिमाचलात.

माणगंगाकाठ | २२ फेब्रुवारी २०२४

नाही दिसला. चौथ्या दिवशी समोरच्या उतारावर निळ्या मेंढ्यांचा कळप एकाएकी उधळला. गावातली पोरं ओरडली, सगळे दुर्बिणी घेऊन धावले, पण आमच्या डोळ्यांना काही सापडलं नाही. ताज्या बर्फावर पंजे मात्र पाहिले, माझ्या तळहाताएवढे, आणि शेपटी घासल्याची एक रेघ. मला तेवढं पुष्कळ झालं.

लेहचा_जुना | २४ फेब्रुवारी २०२४

मी सैन्यातून निवृत्त, नोकरीतली सहा वर्षं लडाखमध्ये गेली. ताईंनी बर्फाबद्दल जे लिहिलं आहे त्यात थोडी भर घालतो.

तिथली खरी अडचण एप्रिल-मे महिन्यांतली. पेरणीला पाणी तेव्हा हवं, पण वरच्या हिमनद्या जूनशिवाय नीट वितळत नाहीत. हिवाळ्यात नाल्याचं पाणी वाहून वाया जातं आणि गरज असते तेव्हा नाला आटलेला. यावर चेवांग नोर्फेल या लेहच्या अभियंत्यांनी उपाय काढला. नाल्याचं पाणी सावलीतल्या उतारावर वळवायचं, दगडी बांधांनी त्याचा वेग मोडायचा, म्हणजे ते तिथेच थरावर थर गोठतं. गावाच्या जवळ आणि खालच्या उंचीवर असल्यामुळे हा बर्फ मोठ्या हिमनदीच्या आधी वितळतो. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभे केले. वरून नळाने आणलेलं पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखं उडतं, रात्रीच्या थंडीत हवेतच गोठत खाली बसतं आणि शंकू तयार होतो. शंकूच का, तर पाणी भरपूर साठतं आणि उन्हाला तोंड देणारा पृष्ठभाग कमी राहतो. दिसायला सुंदर म्हणून लोक फोटो काढतात, पण तो स्तूप म्हणजे मे महिन्याची विहीर आहे.

आमच्या छावणीजवळच्या गावात पाणी सोडायच्या दिवशी घरटी एक माणूस पाटावर हजर असायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी मीही फावडं घेऊन गेलो. गोठलेल्या पाटात पहिलं पाणी आलं तेव्हा त्याच्यापुढे काटक्या आणि पाचोळा ढकलत आलेला फेस मला अजून दिसतो.

पांझरेचा_पोर | २५ फेब्रुवारी २०२४

धुळे जिल्ह्यातला, साक्री तालुक्यातला. लेहच्या दादांनी पाटावरच्या माणसांचं लिहिलं आणि मला माझा आजा आठवला. आमच्या पांझरेवर फड पद्धत आहे, तीनएकशे वर्षांची तरी असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पिकं फडांमधून फिरवायची. पाणी सोडायला पाटकरी, आणि तो गावाने नेमलेला. जमिनीचा मालक स्वतः बारं फोडू शकत नाही, पाटकरीच फोडणार. माझा आजा पाटकरी होता. सख्ख्या भावाच्या वाफ्यालासुद्धा पाळी आल्याशिवाय पाणी देत नसे. त्यावरून दोघं दोन वर्षं बोलत नव्हते, असं आजी सांगायची.

आता बऱ्याच फडांत विहिरी आणि मोटारी आल्या. ज्याची मोटार मोठी त्याचं पाणी. मला फार वाईट वाटतं. ताई, स्पीतीत पाळी कोण ठरवतं ते विचारलंत का?

माणगंगाकाठ | २५ फेब्रुवारी २०२४

विचारलं. आमा म्हणाल्या, गाव बसून ठरवतं, आणि कुहल साफ करायला प्रत्येक घरातून एक माणूस यावाच लागतो. नाही आला तर दंड. बाकी तपशील आमच्या अर्ध्यामुर्ध्या हिंदीत नीट उलगडला नाही. तुमच्या आजोबांचं वाचून मात्र मन भरून आलं. आमच्याकडे बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईने रोजगाराच्या कामावर खडी फोडली, आणि त्याच कामातला पाझर तलाव आजही गावाच्या उशाला आहे. गाळाने निम्मा भरलाय. साक्रीला आले तर तुमचा बंधारा दाखवाल का?

पांझरेचा_पोर | २५ फेब्रुवारी २०२४

ताई, विचारता काय, हक्काने या. कळण्याची भाकरी आणि ठेचा आमच्याकडे.

माणगंगाकाठ | १६ जून २०२४

धागा वर आणतेय, कारण दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एप्रिलमध्ये साक्रीला जाऊन आलो. बंधारा पाहिला, पाटाच्या कडेने दोन किलोमीटर चाललो. पोराच्या आजोबांची पाणी फोडायची कुदळ घरात अजून जपून ठेवली आहे, दांडा हाताच्या घामाने काळा झालेला. मी ती हातात घेतली.

आणि काल दुपारी किब्बरहून फोन आला. आवाज तुटत होता. मटार वीतभर वर आलाय, कुहलला पाणी चांगलं आहे, या वेळी पाळीसाठी भांडणं नाहीत. मग आमांनी विचारलं, "तुमच्याकडे?" आमच्याकडे गेल्या आठवड्यात दोन चांगले पाऊस झाले, माहेरच्या ओढ्याला पाणी आलं, आईने बाजरीचं बी काढून ठेवलंय. तेवढं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, आई शेजारीच बसली होती. तिला हिंदी येत नाही आणि आमांना मराठी. तरी आई फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाली, "आलं बगा पानी, आमच्याकडं बी!"

पलीकडून आमा हसल्या आणि म्हणाल्या, "आ गया?"